लाकडी बंदुकीच्या मागण्या

मी तत्त्वज्ञान शिकवतो. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात हा विषय शिकवणाऱ्या माणसाकडे लोक जरा काळजीनेच बघतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी माझ्या वडिलांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "पण म्हणजे नेमकं काय शिकवतात?" वडील पिंपळनेरचे शेतकरी. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "पगार वेळेवर होतो." तेवढ्यावर लग्न ठरलं.

कॉलेज तापीच्या अलीकडे आहे. एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला केळीच्या बागा. निम्मी मुलं गावातली आणि निम्मी बसने येणारी. यावलच्या बाजूच्या खेड्यांतून येणाऱ्या मुली पहाटेच घर सोडतात आणि दुपार कलल्यावर परततात. शेवटच्या वर्षाला माझ्याकडे मोजकीच मुलं असतात. दुसरा विषय मिळाला नाही म्हणून आलेली काही, आणि खरोखर आवडतं म्हणून आलेली एक-दोन. त्यांना एक भाग शिकवावा लागतो: युद्ध, दहशतवाद आणि लोकशाही. बरीच वर्षं मी तो भाग शांतपणे शिकवत होतो, कारण त्यातलं काहीच आमच्या गावापर्यंत येत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मात्र सीमेवर तणाव झाला. आमच्याकडेही संध्याकाळी दिवे घालवून भोंगा वाजवण्याचा सराव घेतला गेला. भोंगा वाजल्यावर सगळ्यांनी घरात बसायचं होतं. प्रत्यक्षात अर्धं गाव गच्चीवर चढलं, अंधारात गाव कसं दिसतं ते बघायला. आमच्या शेजाऱ्यांनी तर पोहे वर नेले होते.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा वर्गात वातावरण गरम होतं. युद्ध व्हायलाच पाहिजे, असं मुलांचं एकमत. मी हात वर करायला सांगितले तर जवळजवळ सगळे हात वर. पहिल्या बाकावरच्या एका मुलीचा हात तेवढा खाली होता. ही यावलच्या बाजूने बसने येणारी, कमी बोलणारी आणि बोलली की वर्गाला अडचणीत आणणारी.

"तुझा हात का नाही?" मी विचारलं.

"सर, कोण जाणार ते आधी ठरू द्या. मग मी हात वर करते."

मागच्या बाकांवरचे दोन-तीन हात हळूच खाली आले.

पुढच्याच आठवड्यात पोलीस ठाण्यातून एक तरुण अधिकारी प्राचार्यांकडे आले. दहशतवादी शाळा-कॉलेजात घुसले तर काय करायचं, याचा सराव आमच्या वाचनालयात करायचा होता. कॉलेजात परेड करणारी मुलं कमांडो होणार होती. बाकीच्यांनी ओलीस व्हायचं. प्राचार्यांनी खिडकीखाली हातात धरून बोलायचा भोंगा घेऊन उभं राहायचं आणि दहशतवाद्याशी बोलणी करायची. प्रश्न एकच उरला होता, दहशतवादी कोण?

अधिकारी माझ्या वर्गात आले आणि विचारलं, कोण तयार आहे? कोणीच नाही. कमांडो व्हायला भांडणारी मुलं एकदम वहीत बघायला लागली. तेवढ्यात मागून कुणीतरी हसत एका मुलाचं नाव घेतलं. त्याच्या वडिलांचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आणि ईदला आम्हा सगळ्यांचा शीरखुर्मा त्याच्याच घरून येतो.

तो मुलगा उभा राहिला, दोन्ही हात जोडले. "नको रे बाबा. नाटक संपल्यावर मला सोडायला विसरले तर?"

वर्ग खो खो हसला. सगळ्यात मोठ्याने तोच हसला. मग हसू थांबलं. ज्याने नाव घेतलं होतं तो खिडकीबाहेर बघायला लागला. अधिकाऱ्यांनी टोपी सारखी केली.

"मी होतो," मी म्हणालो.

"काय होता, सर?"

"दहशतवादी. मीच होतो."

वर्गाने बाकं वाजवली. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही वाक्याला एवढी दाद मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अधिकारी एक पिशवी घेऊन आले. आत चौकड्यांचा रुमाल, लांब काळा झब्बा आणि चिकटवायची दाढी.

"दाढी मला नको," मी म्हणालो. "झब्बाही नको. मी माझ्या कपड्यांत येईन."

"सर, मग लोकांना कळणार कसं?"

"साहेब, बघून ओळखता आलं असतं तर तुम्हाला सराव कशाला लागला असता? रोज दाराशी उभं राहून एकेकाला बाजूला काढलं असतं."

माणूस विचारी होता. त्यांनी खिशातून वरून आलेला कागद काढला, पुन्हा वाचला. "ड्रेसबद्दल यात काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. दाढी पिशवीत ठेवून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ठीक आहे. पण शर्ट इन करू नका, सर. इन केलेला दहशतवादी बरा नाही दिसत."

त्यांनी मला सगळा क्रम समजावून सांगितला. घुसायचं, धमकावायचं, थोड्या वेळाने खिडकीशी येऊन मागण्या सांगायच्या.

"मागण्या काय?"

"काहीही. हेलिकॉप्टर मागा. सगळे हेलिकॉप्टरच मागतात. प्राचार्यसाहेब प्रत्येक मागणीला हो म्हणतील. नाही म्हणायचंच नाही, माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवायचं, असं आमचं ट्रेनिंग आहे."

घरी सांगितलं तर बायको पोळ्या लाटता लाटता थांबली. "तुम्ही? घरात झुरळ निघालं तर मला हाक मारता." सरावाच्या दिवशी मात्र तिने न चुकता बीपीची गोळी माझ्या खिशात ठेवली.

तो दिवस बाजाराचा होता. बातमी फुटलेली, त्यामुळे कॉलेजच्या भिंतीवर माणसं दाटीवाटीने बसली होती. शेंगदाणेवाला आधीच पोहोचला होता. माझ्या हातात परेडच्या सरावाची लाकडी बंदूक होती. ती छातीशी धरून मी वाचनालयात शिरलो. ओरडायचं होतं, "कोणी हलू नका!" तोंडातून निघालं, "जरा इकडे लक्ष द्या."

मुली तोंडावर ओढणी धरून हसल्या. घड्याळवाल्यांचा मुलगा खुशीत पहिल्या खुर्चीवर ओलीस होऊन बसला होता. पहिल्या बाकावरची ती मुलगीही होती. आणि कोपऱ्यात पंख्याखाली एक अनोळखी म्हातारे गृहस्थ होते. पांढरं धोतर, खांद्यावर गमछा, पाठ ताठ. नातीच्या प्रवेशासाठी आले होते आणि ऑफिसात साहेब जागेवर नव्हते म्हणून इथे टेकले होते. त्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं. मी घाईने त्यांच्यापाशी गेलो आणि अहिराणीत समजावलं.

"आबा, हाऊ सराव शे. खोटं शे बठ्ठं. तुम्ही बाहेर जाई शकतस."

त्यांनी बंदुकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लाकडी शे का?"

"हो."

"मंग मी आठेच बठस. आठे पंखा शे." आणि ते खुर्चीत आणखी मागे टेकले.

मागण्यांची वेळ झाली. माझ्या हातात माईक दिला होता. खिडकीखाली प्राचार्य भोंगा घेऊन उभे, त्यांच्या मागे पोलीस, त्यांच्या मागे भिंतीवर अख्खा बाजार. आणि मला एकही मागणी सुचेना. हेलिकॉप्टर म्हणायला जीभच वळेना. हेलिकॉप्टर घेऊन मी कुठे जाणार होतो? चाळीसगावला, मेहुण्याकडे?

मी मागे वळलो. "काय मागू रे?"

"समोसे," घड्याळवाल्यांचा मुलगा म्हणाला. कुणी क्रिकेटचं मैदान म्हणालं. मग ती मुलगी म्हणाली, "सर, आमच्या खोलीचं कुलूप."

मला कळलं नाही. मग एकदम तीन-चार मुली बोलायला लागल्या. कॉलेजात मुलींची एक खोली होती, आत बाथरूम. मागच्या वर्षी तिथलं बेसिन फुटलं, तेव्हापासून खोलीला कुलूप आणि किल्ली ऑफिसात. मागायला गेलं की कशाला हवी, किती वेळ हवी, कोण कोण जाणार, असे प्रश्न. मग मुली जायच्याच नाहीत. बसने येणाऱ्या मुली सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. दोनदा ऑफिसात सांगून झालं होतं. मी त्याच इमारतीत इतकी वर्षं शिकवत होतो आणि हे मला ठाऊक नव्हतं.

"हात वर करा," मी म्हणालो. सवयच ती. मैदानाला चार हात आले, समोशांना एक. कुलपाला मुलींचे सगळे हात आले, मग मैदानवाल्या मुलांनीही एकेक करून वर केले. कोपऱ्यात आबांनीही हात वर केला. "मनी नात आठेच शिकनार शे," ते म्हणाले.

मी खिडकीशी गेलो आणि बंदूक उंचावली. "माझी मागणी! मुलींच्या खोलीचं कुलूप काढा!"

प्राचार्यांची हेलिकॉप्टरची तयारी होती. त्यांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं, अधिकाऱ्यांनी मान डोलावली. भोंग्यातून आवाज आला, "मान्य! आजच्या आज काढतो!"

भिंतीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला चेव आला. "आत साबण आणि बादली ठेवा!"

"मान्य!"

"नळाला पाणी पाहिजे, दिवसभर!"

"मान्य, मान्य! पण कुणाला इजा करू नका!"

पुन्हा टाळ्या, शिट्ट्या. आतल्या मुली उड्या मारत होत्या. माझे कान गरम झाले होते. आमच्या कॉलेजात एक खडूचा डबा मागवायचा तर दोन महिने जातात, आणि इथे मी बोलायचा अवकाश की होकार. आणखी काय मागावं हे मी भराभर शोधत होतो, आणि मला ते फार आवडत होतं. खरं सांगायचं तर त्या दहा-पंधरा मिनिटांत माझ्या हातातली वस्तू लाकडाची आहे हे मी विसरलो होतो.

"मास्तर," कोपऱ्यातून आवाज आला. "गोड लागी राह्यनं ना?"

आबा माझ्याकडेच बघत होते. मी ओशाळून हसलो आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. कमांडो यायला अवकाश होता, पोलीस ठाण्यातून त्यांना घेऊन येणारी गाडी केळीच्या ट्रॅक्टरमागे अडकल्याची खबर आली होती. मग आबांनी सांगायला सुरुवात केली. ते फौजेत होते. तरुणपणी दूर उत्तरेकडच्या एका चौकीवर त्यांची नेमणूक होती. चौकीखाली गाव होतं. गावातली एक म्हातारी रोज सकाळी त्यांना तांब्याभर पाणी आणून द्यायची. काही बोलायची नाही, पाणी द्यायची आणि उभी राहायची. घरापासून इतक्या लांब, त्यांना ती आईसारखी वाटायला लागली. बदलीचा हुकूम आला तेव्हा ते साध्या कपड्यांत, हात मोकळे ठेवून, तिचा निरोप घ्यायला गेले. बरोबर गुळाचा खडा नेला होता. तिने आधी ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा दार लावून घेतलं.

"तिनी ते पाणी मले नही," आबा म्हणाले, "बंदूकले दिन्हं व्हतं."

"राग आला तुम्हाला?"

त्यांनी नाही अशी मान हलवली. घरी आल्यावर कित्येक दिवस कुणी पाणी दिलं की ते आधी देणाऱ्याचा चेहरा बघायचे, म्हणाले. हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा अजिबात नव्हता. मुलं गोल करून बसली होती. एकाने विचारलं, "आबा, मग युद्ध करूच नये का?" आबा म्हणाले, कुणी घरात घुसलं तर लढावंच लागतं, मी लढलोय, मला त्याची लाज नाही. फक्त लढून आलेला माणूस टीव्हीवर ओरडताना त्यांनी अजून पाहिला नाही. एवढं बोलून ते प्रवेशाला कोणते कागद लागतात ते मला विचारायला लागले.

तेवढ्यात कमांडो आले. दार लाथ मारून उघडायचं असं ठरलं होतं, पण दार उघडंच होतं. एक कमांडो आत डोकावला, "सॉरी सर," म्हणाला, दार ओढून घेतलं आणि मग लाथ मारली. फटाक्यांचा आवाज झाला. मी ठरल्याप्रमाणे टेबलाजवळ पडलो. मेलेल्या माणसाला खोकता येत नाही, आणि फटाक्यांच्या धुराने मला तर जोराचा खोकला येत होता. डोळे मिटून मी तो दाबत होतो, तेव्हा कुणीतरी माझं डोकं उचललं आणि खाली गमछ्याची घडी सरकवली.

"लादी थंडी शे," आबा पुटपुटले.

बाहेर जयजयकार चालला होता. सराव यशस्वी झाल्याचं जाहीर झालं.

दुसऱ्या दिवशी कुलूप तसंच होतं. मुली प्राचार्यांकडे गेल्या तेव्हा ते दचकलेच. "अगं, ते नाटक होतं! मला हो म्हणायलाच सांगितलं होतं." मुली रागाने लाल होऊन वर्गात आल्या. मी फळ्यावर लिहिलं, 'बंदुकीच्या धाकाने दिलेलं वचन पाळायचं का?' आणि खुर्चीवर बसलो.

तो तास दोन तास चालला. मुलांचं म्हणणं सरळ होतं. साऱ्या गावासमोर शब्द दिला, आता मागे फिरायचं नाही. घड्याळवाल्यांचा मुलगा उठला. "मग उद्या दुसरा कुणी खरी बंदूक घेऊन आला आणि म्हणाला कुलूप लावा, तर तोही शब्द पाळायचा का? मी तर म्हणतो धाकाचा शब्द धरायचाच नाही."

"म्हणजे कुलूप राहू द्यायचं?" बाकीच्या मुली त्याच्यावर तुटून पडल्या.

मग पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "मला कालचा तो होकार नकोच आहे," ती म्हणाली. "आम्ही दोनदा सांगितलं तेव्हा कुणी मान वर केली नाही. सरांनी लाकूड उचललं तर लगेच मान्य. मला त्याचाच राग येतोय. कुलूप निघालं पाहिजे, पण आम्ही सांगितलं म्हणून निघालं पाहिजे."

"आणि नाही निघालं तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर परत सांगू. रोज सांगू. सगळे मिळून जाऊ."

"तोपर्यंत पाणी नाही प्यायचं?"

ती खाली बसली. पुस्तकात असल्या जागी परिच्छेद संपतो आणि नवा सुरू होतो.

शेवटी मुलामुलींनी प्राचार्यांना वर्गात बोलावलं. मला वाटलं नव्हतं, पण ते आले. बाकावर बसले, गुडघे अडकत होते तरी बसले. त्यांचीही बाजू होती. बेसिन फुटलं तेव्हा वरून त्यांनाच बोलणी बसली. साफसफाईला माणूस मिळत नव्हता. कुलूप लावलं की तक्रार येत नाही, एवढं त्यांना समजलं होतं. "तक्रार येत नव्हती, कारण आम्ही पाणीच पीत नव्हतो, सर," एक मुलगी म्हणाली. प्राचार्यांना मुली आहेत. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग खूप वेळ देखभालीची चर्चा झाली. मुली एक समिती नेमतील, मुलंही आपल्या बाजूची नेमतील, सफाईच्या बाई एक दिवसाआड येतील. "सोमवारी सांगतो," म्हणून प्राचार्य उठले.

सोमवारी ते किल्ली घेऊन स्वतः आले. किल्ली फिरेना. वर्षभरात कुलूप गंजून गेलं होतं. तेल घातलं, फुंकर मारली, शेवटी कॅन्टीनमधून हातोडी मागवली आणि प्राचार्यांनी बाह्या वर करून कुलपावर घाव घालायला सुरुवात केली.

"सर, हिंसा! हिंसा!" मुलांनी गलका केला.

प्राचार्य घामाघूम होऊन हसत होते. तिसऱ्या की चौथ्या घावाला कुलूप पडलं.

पुढची गोष्ट थोडी निराळी झाली. समितीच्या निवडणुकीत ती पहिल्या बाकावरची मुलगी बिनविरोध अध्यक्ष झाली आणि तिने फार कडक राज्य केलं. साबण कोणी कुठे ठेवायचा, बादली पालथी का घातली नाही, सगळ्याची विचारणा. दिवाळीनंतर पुन्हा निवडणूक झाली तेव्हा पहिल्या वर्षाच्या एका मुलीने तिला हरवलं. ती मुलगी म्हणजे आबांची नात. प्रचारात तिचं एवढंच म्हणणं होतं, की जरा हसत हसत काम करू.

हरलेली तडक माझ्या खोलीत आली. डोळे भरलेले. "मी उघडून दिली ती खोली, आणि मलाच काढलं! हीच का तुमची लोकशाही, सर?"

मी कॅन्टीनमधून भजी आणि चहा मागवला. ती रागारागात भजी खात राहिली, मग मिरची लागली तेव्हा पाणी मागितलं, मोठा ग्लास भरून प्यायली आणि नाक ओढत हसली. "साबणाचं मी जरा जास्तच केलं, नाही?"

"जरा," मी म्हणालो.

शनिवारी वर्गात नव्या समितीची पहिली बैठक होती, सगळ्या मुलींना खुली. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. आबांची नात समोर उभी राहून सगळ्यांचं स्वागत करत होती, आणि तिसऱ्या रांगेतून एक ओळखीचा आवाज आला. "अध्यक्ष, स्वागत पुरे. तो डावीकडचा नळ दोन दिवस गळतोय. तो कोण बघणार आहे?"